निर्णयाआधीची बैठक
(चामोर्शी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘संस्थांमधले नैतिक पेच आणि गटसंवाद’. वनहक्क कायदा, पेसा, ग्रामसभा हे काय असतं ते या सभागृहाला सांगायला नको. निम्मे श्रोते त्याच कामात आहेत. तेव्हा थेट मुद्द्यावर. ज्या बैठकीत चर्चा, त्याच बैठकीत हात वर करून ठराव, ही आपल्या संस्थांची सवय घातक आहे. विचाराची बैठक वेगळी हवी, निर्णयाची वेगळी.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं हे करून दाखवलं. तिथला अभ्यास गट निर्णय घेतच नाही. देवाजी तोफांसारखे गावकरी आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे मित्र गटात बसून प्रश्न उलगडत आले. ठरवते ती ग्रामसभा, तीही बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध राहिला तर विषय पुढच्या सभेत. पोळं जाळून मध काढला की माशा मरतात, मग मध काढायचा कसा, हासुद्धा तिथे अभ्यासाचा विषय झाला. २००९ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, त्यामागे अशा बैठकांची कित्येक वर्षं आहेत.

आता पाचगाव. वैनगंगेपलीकडे, गोंडपिपरी तालुक्यात. २०१२ साली या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला, आणि पेच उभा राहिला तेंदूचा.

तेंदूचा हंगाम म्हणजे काय, हे इथल्या बायांना विचारा. अंधारात घर सोडायचं, उन्हं चढायच्या आत पानं तोडायची, घरी येऊन सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. लेकरंही पुडे बांधायला बसतात. (मागच्या रांगेतून आवाज: ‘मास्तरही बसतात!’ हशा.) मास्तरही बसतात, बरोबर आहे. कारण पेरणीच्या तोंडावर बी-बियाण्याला, वह्या-पुस्तकांना रोख पैसा याच दिवसांत मिळतो. पण नवी पालवी फुटावी म्हणून झुडपं छाटतात, आगी लावतात, वणवा पसरतो. पानांसाठी फांद्या तुटल्या की टेंभरं धरत नाहीत, मग पाखरांनी आणि माणसांनी खायचं काय? पैसा आपला, जंगलही आपलंच. पाचगावच्या ग्रामसभेनं तेंदूपानं तोडणं बंद केलं. बांबूचं उत्पन्न हाती होतं म्हणून हे पेललं, हे मान्य. तरी हातचा पैसा सोडणं सोपं नसतं. वरून फर्मान आलं असतं तर पहिल्याच मे महिन्यात ते मोडलं असतं.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) दहाच मिनिटं उरलीत. तेंदूनं वेळ खाल्ला, पण तो द्यायलाच हवा होता.

दूरदेशीचं थोडक्यात. जर्मन तत्त्वज्ञ लिओनार्ड नेल्सन यांनी १९२२ साली सॉक्रेटिसच्या पद्धतीवर व्याख्यान दिलं. त्यांचे शिष्य गुस्ताव्ह हेकमान यांनी ती गटासाठी घडवली: सुरुवात स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगापासून, चालकानं आपलं मत सांगायचं नाही, सहमती होईपर्यंत शोध सोडायचा नाही. पुढे नेदरलँड्समधल्या संस्थांनी ती उचलली.

(प्रश्न: ‘एकच माणूस अडून बसला तर?’) हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो आणि तो रास्त आहे. अडणाऱ्याला कारण सांगावं लागतं, ते गटात तपासलं जातं. रोग्याच्या जिवाचा प्रश्न असेल तर महिनाभर बसता येणार नाही, हेही खरं. पण पतसंस्थेत थकबाकीदार विधवेचं घर जप्त करायचं का, हा प्रश्न महिनाभर थांबू शकतो. त्यात शिपायाला जे दिसतं ते संचालकाला दिसत नाही, आणि बहुमतात शिपायाचा हात वर होत नाही.

वेळ संपली. येत्या महिन्यात आपापल्या शाळेत, पतसंस्थेत, दवाखान्यात एक बैठक घ्या. घडलेला एकच प्रसंग घ्या, साहेबाला शेवटी बोलू द्या आणि त्या दिवशी काहीही ठरवू नका.