पिल्लाची पंचसूत्री

भाजी निवडता निवडता, चहा उकळता उकळता ऐकणाऱ्या सगळ्या ताई, मावशी आणि आजींना म्हसळ्याहून आमच्या बचत गटाचा नमस्कार. एरवी आम्ही तुमच्याशी कर्जाचे हप्ते, पॅकिंग, लेबल असल्या गोष्टी बोलतो. आज बोलायचंय कुत्र्याच्या पिल्लाबद्दल, आणि स्पष्टच सांगायचं तर ते घरात शी-शू करतं त्याबद्दल. हसू नका. या एका गोष्टीपायी आमचा गट फुटायच्या बेताला आला होता.

झालं असं. गेल्या आषाढात आमच्या एका सदस्य ताईंच्या मुलांनी रस्त्याकडेचं एक पिल्लू उचलून आणलं. त्याच्या आईला गाडीनं उडवलं होतं. पिल्लू असेल दोनेक महिन्यांचं, काळंभोर, म्हणून नाव पडलं काळू. ताईंचे मिस्टर मुंबईला कामाला. घरात ताई, दोन मुलं आणि सासूबाई. परसातल्या वांग्या-मिरचीची वानरं वाट लावतात, म्हणून ताईंनाही वाटलं, बरंच झालं, मोठं होऊन राखण करील.

पण राखण राहिली बाजूला, काळूनं घर ओलं करायला सुरुवात केली. ओटीवर सतरंजी दिसली की सतरंजीवर, पायपुसणं दिसलं की पायपुसण्यावर. बाहेर नेलं तर पावसात थरथरत उभं राहायचं आणि घरात आल्या आल्या कार्यक्रम उरकायचं. सासूबाई म्हणायच्या, "दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, पण एकही ओटीवर मुतत नाही." आमची साप्ताहिक बैठक त्याच ओटीवर भरते. एकदा तर हिशोबाची वही भिजता भिजता वाचली.

मग सगळ्यांनी आपापले उपाय सुरू केले. कुणी सांगितलं, नाक त्याच्यात घास. कुणी सांगितलं, झाडू दाखव. आम्ही पण सांगितलं, हे आज कबूल करतो. ताईंनी नाक घासलं, दोन फटके दिले, फिनेलनं लादी पुसली. दोन दिवस ओटी कोरडी राहिली. आम्हाला वाटलं, समजलं त्याला.

तिसऱ्या दिवशी कळलं काय समजलं ते. श्रावण होता. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी आमचं पॅकिंग चाललं होतं. ताईंच्या मागच्या खोलीत गोणपाटावर धुतलेलं कापड अंथरून 12 किलो आमसुलं पसरून ठेवली होती. काळू गुपचूप तिथे गेला आणि त्याच्यावरच बसला. लोकांच्या पोटात जाणारा माल, त्याला धुऊन-पुसून चालत नाही. 12 च्या 12 किलो आमसुलं आम्ही खड्ड्यात पुरली.

त्या संध्याकाळच्या बैठकीत आवाज चढले. मे महिन्यात उन्हात बसून रातांबे फोडलेल्या बायका त्या, राग येणारच. दोघी म्हणाल्या, पोत्यात घाला आणि बाजारात सोडून या. मुलं दाराआड रडत होती. ताई म्हणाल्या, "माझ्या वाट्याच्या नफ्यातून कापून घ्या, पण सोडणार नाही." एकीनं सांगितलं की पाळलेलं जनावर उपाशी मरेल असं वाऱ्यावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. शेवटी ठरलं, एक महिना बघायचं. आणि पॅकिंगच्या खोलीला त्याच दिवसापासून कडी. काळू सुधारो न सुधारो, मालाच्या खोलीत जनावर नको, हा नियम आधीच हवा होता. ती चूक आमची.

दुसऱ्या दिवशी ताईंबरोबर आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे जन्मलं कुठे?" मुलांनी सांगितलं, एका बंद दुकानाच्या पडवीत, गोणपाटावर. डॉक्टर म्हणाले, मग त्याचं काय चुकलं? पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की झोपायची जागा सोडून बाजूला जाऊन शी-शू करायला लागतं. त्या वयात पायाखाली जे लागतं तीच त्याची मोरी. याच्या पायाला गोणपाट ठाऊक, म्हणून ते सतरंजी शोधतं, पायपुसणं शोधतं. माती त्याला माहीतच नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती आमच्या जिव्हारी लागली. मारल्यानं पिल्लाला "घरात करू नये" हे कळत नाही. "माणसासमोर करू नये" एवढंच कळतं. म्हणून ते आडोसा शोधतं. म्हणजे आमसुलांच्या खोलीत त्याला आम्हीच धाडलं होतं, झाडू दाखवून. बाहेर नेल्यावर आमच्यासमोर ते का करत नव्हतं, त्याचंही उत्तर तेच. भीती आमचीच होती.

घरी आल्यावर आम्ही गटाचं हत्यार काढलं, म्हणजे वही. काळूनं कधी खाल्लं, कधी झोपला, कधी कुठे केलं, सगळं वेळेसकट लिहायला ताईंच्या मुलीला सांगितलं. पहिल्या आठवड्यात घरातली नोंद निघाली 19 वेळांची. पण वही नीट वाचली तर ती 19 ठिकाणं नव्हती, चारच वेळा होत्या. पहाटे दार उघडायच्या आधी. खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी. दुपारी झोपून उठल्या उठल्या. आणि मुलांशी दंगा घातल्यावर. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी जेमतेम दोन तास कळ काढू शकतं, तीन महिन्यांचं तीनेक तास. आम्ही त्याला चार-चार तास कोंडून ठेवत होतो आणि वर त्यालाच शिक्षा देत होतो.

बचत गटातल्या बायकांना पंचसूत्री सांगायला नको. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. पाचही ठिकाणी शब्द एकच, नियमित. तशीच आम्ही काळूची पंचसूत्री केली. ऐका.

पहिलं सूत्र, नियमित खाणं. मुलं दिवसभर बिस्किटं टाकायची, सासूबाई दूधभात घालायच्या. गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात, आणि जुलाब झालेलं पिल्लू कळ काढणार कशी? दूध बंद केलं. भात, उकडलेलं अंडं, काटे काढलेली बिनमिठाची मासळी, असं दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी. शेवटचं खाणं संध्याकाळी सातच्या आत. पाणी मात्र तोडायचं नाही.

दुसरं सूत्र, नियमित बाहेर. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि निजायच्या आधी. शिवाय मधे दर दोन तासांनी. रात्री एकदा उठावं लागतं, पहिले काही आठवडे. ज्यांनी तान्ही मुलं वाढवली त्यांना यात नवीन काही नाही.

तिसरं सूत्र, एकच जागा. पावसात पिल्लू बाहेर जाईना, म्हणून परसात भिंतीलगत झावळ्यांचं छप्पर केलं, हातभर रुंद, चार हात लांब. खाली कोरडी माती. त्या मातीवर पहिले काही दिवस गोणपाटाचा तुकडा टाकला, त्याच्याच वासाचा. मग तो तुकडा दर दोन दिवसांनी कापून लहान केला. शेवटी उरली माती. तेवढ्यात त्याच्या पायाला मातीची ओळख झाली. नेहमी त्याच दारानं, त्याच जागी न्यायचं आणि गप्प उभं राहायचं. तिथे खेळायचं नाही.

चौथं सूत्र, शाबासकी तिथल्या तिथे. काम झालं की त्याच क्षणी "शाब्बास काळू" आणि भाकरीचा तुकडा. घरात येऊन दिलात तर त्याला वाटतं, घरात आल्याबद्दल मिळाला. आणि घरात चुकून केलंच तर? करताना दिसलं तर नुसती टाळी वाजवायची, उचलायचं आणि बाहेर न्यायचं. नंतर दिसलं तर काहीच बोलायचं नाही, निमूट पुसायचं. तासाभरानं दिलेल्या माराचा आणि झालेल्या गोष्टीचा संबंध त्याला लागत नाही.

पाचवं सूत्र, नजर आणि स्वच्छता. जमिनीचा वास घेत गोल गोल फिरायला लागलं, खेळता खेळता एकदम कोपऱ्याकडे निघालं, की उचलायचं. नजर ठेवता येत नसेल तेव्हा पिल्लू लहानशा जागेत, आपल्या अंथरुणाजवळ, दोरीनं बांधून. आपल्या निजायच्या जागी कुत्रं सहसा घाण करत नाही. पण वेळेवर सोडायला मात्र हवं.

आता पुसण्याबद्दल. आपल्याला वास गेला असं वाटतं, पण कुत्र्याच्या नाकाला तो येतच असतो, आणि वास आला की जागा ठरली. आधी कोरड्या कापडानं टिपून घ्या, मग साबणाच्या पाण्यानं धुवा, मग व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून पुसा. अमोनियाचं क्लीनर वापरू नका, त्याचा वास लघवीच्या वासाशी जुळतो. दोन औषधं एकत्र करू नका, विषारी वायू होऊ शकतो. सारवलेल्या जमिनीत मुरलेला वास फडक्यानं जात नाही. तेवढी माती खरवडून काढा, नवी चोपा आणि सारवा.

आणि हे काम उघड्या हातांनी करू नका. आपल्या कोकणात पावसाळ्यात लेप्टोचा ताप येतो. त्याचे जंतू उंदरांच्या, गुरांच्या आणि कुत्र्यांच्याही लघवीतून पसरतात आणि हातापायाच्या जखमेतून आपल्या अंगात शिरतात. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातात घाला, नंतर साबणानं हात धुवा. पिल्लाच्या विष्ठेतल्या जंतांची अंडी मुलांच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून शी लगेच उचला आणि पुरून टाका. पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्याला जंताचं औषध, सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो वगैरेची लस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. कोणतं कधी ते डॉक्टरांना विचारा. लसी पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री फिरतात तिथे नेऊ नका, आपलं परसच बरं.

सगळंच सवयीचं नसतं, हेही लक्षात ठेवा. पिल्लू घटकेघटकेला थेंब थेंब करत असेल, लघवीत रक्त दिसत असेल, तर तो आजार आहे. उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, पार्वोत पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. आणि कुणी ओरडलं किंवा कुणी प्रेमानं वाकलं की तिथेच थोडं ओलं करणारं पिल्लू घाबरट असतं, हट्टी नव्हे. त्याच्याशी खाली बसून, हळू आवाजात बोला. वाढता वाढता ते जातं.

आता आमचा हिशोब सांगतो. पहिल्या आठवड्यात 19, दुसऱ्यात 11, तिसऱ्यात 6, चौथ्यात 3. आणि खरं काम कुणी केलं? सासूबाईंनी. ताई बाजारात, मुलं शाळेत, घरी त्याच असायच्या. पहिल्या आठवड्यात त्या वहीकडे बघायच्याही नाहीत. एके दुपारी ओटीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "त्याला बाहेर ने, तो आता करणार." आणि काळूनं बाहेर जाऊन खरंच केलं. "तुम्हाला कसं कळलं?" असं आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, "पाच पोरं वाढवली मी. पोर शू करायच्या आधी कसं गप होतं, ते मला शिकवता होय?" मग हळूच म्हणाल्या, "पोरानं गोधडी ओली केली म्हणून मी कधी झाडू उचलला नव्हता." त्यानंतर बैठकीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

महिना संपला तेव्हा मत घ्यायची वेळच आली नाही. गणपतीत फटाक्यांना घाबरून त्यानं एकदा ओटी ओली केली, तेव्हा ज्या ताईंनी पोत्यात घाला म्हटलं होतं त्यांनीच फडकं आणलं. आमसुलांचा तोटा आम्ही सगळ्यांनी मिळून वाटून घेतला, ताईंच्या एकटीच्या माथी मारला नाही. कारण मार देण्याचा सल्ला आम्हा सगळ्यांचा होता.

तुमच्याही घरी असं पिल्लू असेल आणि आज कुणी वैतागून म्हणालं असेल की सोडून या, तर एक महिना थांबा. एक जुनी वही घ्या, वेळा लिहा. चूक कुठे होते ते वही सांगेल. आमची वही ताईंच्या ओटीवर खुंटीला अजून टांगलेली आहे, गटाच्या वहीच्या शेजारी.

नमस्कार.