अल्प मुदतीची घरभाडी आणि नगरप्रशासन



शहरातील घर हे प्रथम राहण्यासाठी असते. त्यातील एखादी खोली काही दिवस पाहुण्यास देऊन कुटुंबाने चार पैसे मिळविले, तर त्यात वावगे काही नाही. परंतु संपूर्ण घरच वर्षभर पर्यटकांना दोन-दोन रात्रींसाठी दिले जाऊ लागले, म्हणजे ते रहिवाशांना उपलब्ध राहत नाही आणि शेजाऱ्यांच्या दाराशी विनापरवाना हॉटेल सुरू होते. इंटरनेटद्वारे आरक्षण करणाऱ्या कंपन्यांमुळे हा व्यवहार जगभर फोफावला. त्याचे नियमन करू पाहणाऱ्या सॅन फ्रान्सिस्को शहराचा अनुभव आपणांस विचारात घेण्याजोगा वाटेल.

एअरबीएनबी ही कंपनी २००८ साली याच शहरात स्थापन झाली. तेथील यासंबंधीचा कायदा फेब्रुवारी २०१५ मध्ये अमलात आला. घर देणारा त्या घरात वर्षातून किमान २७५ रात्री राहणारा असावा, त्याने प्रशासनाकडे नोंदणी करावी आणि स्वतः घरी नसताना वर्षाकाठी ९० रात्रींहून अधिक काळ घर देऊ नये, असे त्यात ठरले. नियम स्पष्ट होते. पण रात्री मोजावयाच्या कोणी? आरक्षणाच्या नोंदी कंपन्यांच्या दप्तरी होत्या. बहुसंख्य घरमालकांनी नोंदणीच केली नाही.

म्हणून २०१६ साली नोंदणी नसलेल्या घरांच्या आरक्षणाबद्दल प्रशासनाने कंपन्यांनाच जबाबदार धरले. कंपन्या न्यायालयात गेल्या. मे २०१७ मध्ये तडजोड झाली. जानेवारी २०१८ मध्ये नोंदणी नसलेली घरे वगळण्यात आली, तेव्हा एअरबीएनबीची त्या शहरातील यादी जवळजवळ निम्म्यावर आली. रात्रींची मर्यादा पूर्वीचीच होती. जबाबदारी मात्र आता कंपन्यांवरही आली होती.

न्यूयॉर्क शहराने हेच तत्त्व अधिक कठोरपणे अंगीकारले. तेथील २०२२ च्या कायद्याची अंमलबजावणी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यावयाचे, तर यजमानाने तेथेच राहिले पाहिजे आणि पाहुणे दोनच असले पाहिजेत. नोंदणीची पडताळणी केल्याविना कंपनीस व्यवहारच करता येत नाही. या कडक नियमांमुळे आपले हक्काचे उत्पन्न बुडाले, अशी लहान घरमालकांची तक्रार आहे. ती दुर्लक्षण्यासारखी नाही. एक खोली देणारे कुटुंब आणि अनेक घरांचा धंदा करणारा व्यावसायिक यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही.

आपल्याकडे गोव्यात पर्यटन व्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. नोंदणीची कल्पना आपणांस नवी नाही. मात्र नियम करताना एक प्रश्न प्रथम विचारला पाहिजे: व्यवहाराची खरी नोंद कोणाजवळ आहे? ज्याच्याजवळ ती आहे, त्याच्यावर पडताळणीचे बंधन घातले, तरच नियम कागदावरून प्रत्यक्षात उतरतो. ते बंधन घालताना लहान कुटुंबाची मिळकत आणि शेजाऱ्यांचे स्वास्थ्य या दोहोंचा समतोल राखणे, हे लोकप्रतिनिधींचे व अधिकाऱ्यांचे कर्तव्य होय.