पॅडल नसलेली सायकल

आजचा भाग एका छोट्या सायकलबद्दल आहे, आणि ती चालवणाऱ्या छोट्या माणसांबद्दल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अजून मुलं नसतील, पण भाचे-पुतणे नक्की असतील. म्हणजे आज ना उद्या कोणीतरी तुम्हाला सांगणारच, "अरे, हिला जरा खाली सायकलवर घेऊन जा."

तर बॅलन्स बाइक. दोन चाकं, एक सीट, एक हँडल. पॅडल नाही, चेन नाही. मूल सीटवर बसतं आणि पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जातं. आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी ती पहिल्यांदा बघितली आणि विचारलं, "पॅडल बसवायचं राहिलं का रे?"

गंमत म्हणजे सायकलचा जन्मच असा झालाय. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइम गावातून कार्ल द्राइस नावाचा माणूस अशीच एक लाकडी गाडी घेऊन निघाला. पायांनी जमीन ढकलत काही किलोमीटर गेला आणि तासाभरात परत आला. पुढच्या चाकाला पॅडल लागलं ते थेट १८६० च्या दशकात, पॅरिसमध्ये. म्हणजे माणूस आधी तोल शिकला, पॅडल नंतर आलं. आपण मुलांना शिकवताना मात्र हा क्रम उलटा केला.

आपल्या आईबाबांची पिढी तासावर भाड्यानं मोठी सायकल आणायची आणि दांड्याखालून पाय घालून हाफ पॅडल मारत शिकायची. गुडघे फुटायचे, पण त्यात तोलाचीच शिकवणी व्हायची. आपल्या वेळी आली बाजूची दोन छोटी चाकं. सगळ्यांना वाटलं, वा, आता मूल पडणार नाही.

इथे थोडं फिजिक्स, घाबरू नका. दोन चाकांवर तोल कसा राहतो? डावीकडे कलायला लागलो की हँडलही किंचित डावीकडे वळवायचं. मग चाकं परत आपल्या खाली येतात. ज्या बाजूला पडतोय त्याच बाजूला वळायचं! हे कितीही समजावून सांगा, डोक्यात शिरत नाही. ते शरीरालाच कळावं लागतं. फिरत्या चाकांमुळेच सायकल उभी राहते असं आपल्याला वाटतं, पण लहान मुलाच्या वेगाला तो परिणाम अगदी थोडा असतो. खरं काम हँडल करतं.

आता बाजूची चाकं लावली की सायकल कलतच नाही. मूल कलत नाही म्हणजे सावरायलाही शिकत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूपच तुटतो. मूल पॅडल मारायला शिकतं, जे सोपं आहे. आणि तोल, जो अवघड आहे, तो चाकं काढायच्या दिवसापर्यंत तसाच पेंडिंग. बॅलन्स बाइकवर अवघड गोष्ट आधी होते, तीही पाय जमिनीपासून दोन इंचांवर असताना.

आता आमच्या चिऊबद्दल. ही माझ्या ताईची मुलगी. सोळा महिने पूर्ण झाले तरी चालत नव्हती. लिफ्टमध्ये भेटेल तो विचारायचा, "अजून नाही चालत?" ताई हसून उत्तर द्यायची आणि घरात आल्यावर गप्प व्हायची. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सगळं ठीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास केला होता, त्यात भारतही होता. निरोगी मुलं आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ त्यात साधारण ८ ते साडेसतरा महिने इतका पसरलेला निघाला. जवळजवळ दहा महिन्यांचा फरक, आणि सगळी नॉर्मल!

अडीच वर्षांची झाल्यावर चिऊला बॅलन्स बाइक आणली. वरच्या मजल्यावरच्या तिच्याच वयाच्या मुलाकडेही होती. तो तीन आठवड्यांत दोन्ही पाय उचलून सुसाट जायला लागला. चिऊ सायकल दोन पायांमध्ये धरून नुसती चालायची. सीटवर बसायचीच नाही. कधीकधी तर गाय ओढत न्यावी तशी हँडलला धरून न्यायची. आजी म्हणायची, "बघ गं, तो कसा चालवतो." ताई म्हणाली, "आई, आजपासून हे वाक्य बंद."

मग पायऱ्या आपोआप होत गेल्या. आधी उभ्यानं चालणं. मग सीटवर टेकून चालणं. मग लांब ढांगा. आणि चार महिन्यांनी एका संध्याकाळी, पार्किंगच्या जरा उतरत्या भागात, पाय वर. किती अंतर? फरशीचे जेमतेम सहा ब्लॉक. मला वाटलं, आता ओरडेल, "मामा बघ!" पण तिनं कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. सायकल वळवली, परत वर गेली आणि पुन्हा सोडली. ताईचा हात मात्र सीटमागे हवेतच होता.

घ्यायची असेल तर थोडं कामाचं. सीट इतकी खाली ठेवा की दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे किंचित वाकले पाहिजेत. "वाढत्या अंगाची" म्हणून मोठी घेऊ नका. वजन मुलाच्या वजनाच्या एक तृतीयांशापेक्षा कमीच हवं, कारण पडल्यावर ती त्यालाच उचलायची आहे. हेल्मेट पहिल्या दिवसापासून, म्हणजे तो सायकलचाच भाग वाटतो. बूट घाला, चपला नकोत, कारण सुरुवातीला पाय हाच ब्रेक. पाठीला धरून ढकलू नका, नाहीतर मूल तुमच्या तोलावर चालतं.

आणि जागा. उतार रस्त्याकडे जाणारा नको. पार्किंगमध्ये रिव्हर्स येणाऱ्या गाडीला तीन फुटांचं मूल दिसत नाही. आमच्याकडे काही पालकांनी मिळून संध्याकाळी सहा ते सात मागच्या बाजूला गाड्या न आणण्याचं ठरवून घेतलं. कुरकुर झाली, पण जमलं. तुमच्याकडेही विचारून बघा.

चिऊ आता पाच वर्षांची आहे. पॅडलची सायकल तिला एका दुपारीत जमली. सध्या तिची नवी मागणी आहे: "मी एकटी बी विंगच्या मागून येते." तिथे ती साधारण वीस सेकंद दिसत नाही. ताई परवानगी देते आणि मनात आकडे मोजते. सतरा-अठरापर्यंत आली की कोपऱ्यावरून घंटी ऐकू येते.

तर मंडळी, आज इतकंच. घरात छोटं कोणी असेल तर या रविवारी त्याला घेऊन खाली जा, आणि फोन खिशातच ठेवा. हा भाग तुमच्या ताई-दादाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!