सांधा निवताना



गारखेड्याशेजारी चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आहे. म्हणून वेल्डिंग शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे सांगतो.

लोहार विळ्याला पाणी देतो, तेव्हा धार कठीण होते, पण ठिसूळही. ट्रॉम्बेच्या खत कारखान्यासारख्या ठिकाणी नळांच्या सांध्यांना हा ठिसूळपणा परवडत नाही. थंड, जाड नळावरचा सांधा झपाट्याने निवतो, हायड्रोजन आत अडकतो आणि दोन दिवसांनीही तडा जाऊ शकतो. म्हणून बी ३१.३ या संहितेनुसार २५ मिलिमीटरहून जाड, अधिक कार्बनचे साधे पोलाद आधी ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. वेल्डिंगनंतर उष्णोपचार सांगितला असल्यास ५९५ ते ६५० अंशांवर ठेवून सावकाश निववतात; आतला ताण उतरतो.

घाईने वाचवलेला हा वेळ कामगाराच्या जिवावर बेततो. शिक्षकांनी आणि पंचांनी एवढे मुलांच्या मनावर ठसवावे, ही विनंती.