फ्लोट कानाशी धर

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील वाटचाल’ यावर बोलायला सांगितलं होतं. पण त्या वाटचालीतला सर्वांत मोठा धडा मला गेल्या दिवाळीत घरच्या अंगणात मिळाला, तोच सांगते.

आमची फिकट निळी फियाट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. बोर्डाच्या परीक्षेला आपण पाच जणी तिच्यातूनच गेलो होतो, मांडीवर कंपासपेट्या घेऊन. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून ही गाडी बाहेर पडू लागली, पुढे तिचं नाव ‘पद्मिनी’ झालं. २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी निघून गेली. आमची मात्र अजून अंगणात आहे.

तर दिवाळीत गाडी सुरू केली आणि पाचच मिनिटांत पेट्रोलचा भपकारा आला. बॉनेट उघडलं, तर कार्बोरेटरच्या अंगावरून पेट्रोल ओघळत होतं. मी वाकून बघू लागले, तोच बाबा मागून ओरडले, “आधी इंजिन बंद कर! बॅटरीची तार काढ!”

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. सकाळी जेवलो की नाही, हे त्यांना दुपारी आठवत नाही. म्हणून मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, “तुम्ही बसा, मी बघते.” इंजिनिअर मुलगी ना मी!

इंजिन बंद असताना गळती थांबायची, सुरू केलं की पुन्हा व्हायची. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनवरच चालतो, त्यामुळे हे बरोबरच होतं. पंपाचं पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीत येतं. वाटीत पितळी फ्लोट तरंगत असतो. पातळी वाढली की तो वर येतो आणि नीडल व्हॉल्व्ह बंद करतो. घरच्या पाण्याच्या टाकीत बॉल असतो ना, तसंच. म्हणजे वाटी भरून वाहत असेल, तर व्हॉल्व्ह बंद होत नाही, एवढं नक्की.

मी आधी झाकणाचं गॅस्केट बदललं. गळती तशीच. मग नवा नीडल व्हॉल्व्ह बसवला. तरी तशीच. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून नळ्याही बदलल्या. तीन रविवार गेले. शेवटी वैतागून मी म्हटलं, “बाबा, आता विकूनच टाकू या.”

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “फ्लोट काढ. कानाशी धरून हलव.”

हलवला. आत पेट्रोल खळखळलं.

पोकळ फ्लोटला कुठेतरी बारीक भोक पडलं होतं. आत पेट्रोल शिरून तो जड झाला होता. जड फ्लोट पुरेसा वर येईना, म्हणून नवा कोरा व्हॉल्व्हही बंद होईना. बाबांच्या सांगण्यावरून गरम पाणी भांड्यात घेऊन अंगणात आणलं, शेगडीपासून लांब, आणि फ्लोट त्यात बुडवला. सांध्यापाशी बुडबुड्यांची बारीक माळ उठली. भोक सापडलं!

मी म्हटलं, डाग देऊन टाकू. बाबांनी मान हलवली. “आत पेट्रोलची वाफ आहे, भडका उडेल. आणि डागाचं वजन वाढलं की पातळी पुन्हा चढेल.” जुन्या सुट्या भागांच्या दुकानातून दुसरा फ्लोट आणला, पातळी मोजून बसवला. गाडी सुरू केली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. कार्बोरेटर कोरडा ठणठणीत.

ऑफिसात नव्या मुलांना मी नेहमी सांगते की अंदाजाने भाग बदलत सुटू नका, आधी मूळ कारण शोधा. तेच मी घरी विसरले होते. त्याहून वाईट म्हणजे, ज्या माणसाने ही गाडी चाळीस वर्षं हाताळली, त्याला मी तीन रविवार काहीच विचारलं नाही. त्यांना आता काय आठवणार, असं मीच ठरवून टाकलं होतं.

विज्ञानाच्या तासाला सरांनी आर्किमिडीजचं तत्त्व शिकवलं होतं. मला पैकीच्या पैकी गुण होते. कानाशी धरून हलवायचं, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

आता रविवारी आम्ही दोघं गाडीपाशी बसतो. कधी ते मला तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगतात. मी तिसऱ्यांदा ऐकते. तुमच्याही घरी असं कुणी खुर्चीत बसलेलं असेल, तर त्यांना काहीतरी विचारा. लवकर विचारा.