वाळूचा जिवंत थर



अध्यक्षाने शास्त्राच्या सर्वांगीण प्रगतीचा आढावा घ्यावा असा आपल्या अभियंत्यांच्या परिषदांचा रिवाज आहे. परंतु मैलापाण्यातील जंतू वाळूने आणि पाणवनस्पतींनी कसे नाहीसे होतात, या एकाच प्रश्नापाशी थांबण्याची मुभा आपण मला द्यावी. हा विषय हल्ली माळ्याकडे सोपवण्याच्या लायकीचा मानला जातो, आणि माझ्या मते तो खरोखरच माळ्याकडे सोपवला पाहिजे.

१८९२ साली हांबुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांवर माणसे दगावली. हे शहर एल्ब नदीचे पाणी न गाळताच पीत होते. त्याला खेटून वसलेले आल्टोना तर त्याच नदीचे, हांबुर्गचा मैला मिसळून पुढे आलेले पाणी उचलत होते, परंतु ते वाळूच्या संथ गाळण्यांतून सोडत असल्यामुळे बव्हंशी बचावले. हद्दीलगत हांबुर्गच्याच बाजूस सुमारे ४०० गोरगरिबांच्या वस्तीचे एक आवार होते. हांबुर्गच्या नळाची जोडणी अडचणीची म्हणून तेथे आल्टोनाचे पाणी घेतलेले होते, आणि सभोवार साथीचे थैमान चालू असता त्या आवारात एकही रोगी निघाला नाही, हे जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी नमूद करून ठेवले आहे. पुढे त्याच हिवाळ्यात आल्टोनाच्या एका उघड्या गाळणीची सफाई चालू असता कडाक्याच्या थंडीने वाळूचा पृष्ठभाग गोठला, गाळलेल्या पाण्यातील जंतूंची संख्या वाढली, आणि पटकी त्याही शहरात शिरली.

जंतूची लांबी मिलिमीटरच्या सहस्रांशाच्या आसपास, आणि वाळूच्या कणांमधील पोकळ्या तिच्या कित्येक पट. तेव्हा नुसत्या चाळणीच्या तत्त्वाने येथे फारसे काही साधत नाही. वाळूच्या माथ्यावर काही आठवड्यांत जो बुळबुळीत थर धरतो, त्यात आणि खालच्या कणांवर जंतू चिकटतात, आदिजीव त्यांना भक्षितात आणि उरलेले बरेचसे उपासमारीने मरतात. म्हणूनच पाणी तासाला वीतभरच उतरू द्यायचे आणि थर खरवडल्यावर तो पुन्हा धरेपर्यंत गाळलेले पाणी टाकून द्यायचे.

जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० नंतरच्या दशकात पाणवनस्पतींवर जे प्रयोग केले, त्यांतून उभ्या राहिलेल्या कृत्रिम पाणथळीतही हाच व्यवहार खडीच्या पात्रात चालतो. पाहुणे तीत लावलेल्या कर्दळीची फुले पाहून खूष होतात. प्रत्यक्षात काम उरकतात ते मुळांवरचे आणि खडीवरचे सूक्ष्मजीव, आणि गाळ आधी बसवून घेतला नाही तर ती खडी तुंबते.

अशा पाणथळीत शेकडा नव्याण्णव जंतू गेले, असे अहवालात वाचून आपण निश्चिंत होतो. मैलापाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य जंतू कोटीच्या घरात असतात. त्यांतून नव्याण्णव टक्के वजा केले तरी लाख उरतात, आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीच्या सिंचनाकरिता जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली घातलेली मर्यादा तेवढ्याच पाण्यात १००० ची होती. सबब पाणथळीमागे वाळूची गाळणी जोडणे ही मला चैन वाटत नाही.

आपल्या अंदाजपत्रकांत खोदाई, खडी, वाळू आणि मक्तेदाराचा नफा यांची तरतूद चोख असते. वाळू खरवडणाऱ्या मजुराच्या आणि वाळलेली कर्दळ छाटणाऱ्या माळ्याच्या पगाराचा रकाना तेवढा कोरा असतो. तो किमान दहा वर्षांसाठी भरल्याखेरीज अशा कोणत्याही कामास तांत्रिक मंजुरी देऊ नये, असा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात यावा. सूचक म्हणून माझे नाव घालण्यास माझी हरकत नाही.