लेकराची गोष्ट, लेकराच्या शब्दांत



शिक्षकांच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष बहुधा कवितेवर बोलतो, कादंबरीवर बोलतो. मी आज चार-पाच वर्षांच्या लेकराबद्दल बोलणार आहे. त्याला गोष्ट कळली की नाही हे आपण कसं ओळखतो, आणि ओळखताना कुठं चुकतो, एवढाच माझा विषय आहे. साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय लहान वाटेल. पण ज्याला पाचव्या वर्षी गोष्टीत शिरता आलं नाही, तो पंधराव्या वर्षी कादंबरी उघडेल ही आशा मला धरवत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगतो. पुष्कळ वर्षं झाली. दुधना नदीपलीकडच्या एका गावात बालवाडीतल्या मुलांची नोंद घेण्याचं काम माझ्याकडे होतं. हातात छापील तक्ता: पात्रं ओळखतो का, ठिकाण सांगतो का, घटनाक्रम सांगतो का, शेवट सांगतो का. मी चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितली, चांगली रंगवून सांगितली. मग एकेका मुलाला पुढ्यात बसवून विचारायला लागलो. पाच वर्षांचा एक मुलगा आला. गोष्टीत कोण कोण होतं? गप्प. कुठं घडलं हे? गप्प. शेवटी काय झालं? तो पायाच्या अंगठ्यानं सारवलेली जमीन उकरत राहिला. मी तक्त्यात 'नाही' लिहिलं. चारही रकान्यांत 'नाही'.

दुपारी खिचडी झाल्यावर मी ओट्यावर टेकलो होतो. भिंतीआड तोच मुलगा त्याच्याहून लहान पोराला सांगत होता, "एक होता कावळा. त्याची कोपी होती. लई पानी आलं. कोपी गेली वाहून. मंग गेला चिमनीकडं. चिमनी दारच उघडीना. कामून की तिचं लेकरू झोपलं होतं. कावळ्याला लई थंडी वाजली, रडला तो."

मी गोष्टीत शेणाचं घर सांगितलं होतं, त्यानं कोपी केली. त्याचे आईबाप ऊसतोडीला जाणारे, आणि त्या हंगामात तोही त्यांच्याबरोबर उसाच्या फडात राहून आलेला. पाचटाची कोपी अवकाळीत कशी भिजते हे त्यानं अंगावर सोसलेलं होतं. शेणाचं घर त्यानं कुठं पाहिलं असणार? आता माझ्या तक्त्याशी ताडून बघा. पात्रं आली. ठिकाण आलं. अडचण आली, ती सोडवायची धडपड आली, आडकाठी आली, आडकाठीचं कारण आलं. आणि तक्त्यात ज्याला रकानाच नव्हता ते कावळ्याचं रडणंही आलं. तो कागद मी तोवर पुढे पाठवून दिला होता.

त्यानं गोष्ट 'चुकवली' असं अजूनही कुणाला वाटत असेल तर फ्रेडरिक बार्टलेट यांचं काम सांगावं लागेल. केंब्रिजमधले हे मानसशास्त्रज्ञ. 1932 साली 'रिमेंबरिंग' हा त्यांचा ग्रंथ आला. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज माणसांना वाचायला दिली आणि नंतर आठवून पुन्हा सांगायला लावली. त्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडी आदिवासींची डोंगी साधी होडी झाली, सीलची शिकार मासेमारी झाली. माणूस गोष्ट जशीच्या तशी साठवत नाही, आपल्या जगण्यातल्या खुंट्यांना अडकवून ठेवतो. केंब्रिजच्या मंडळींनी तसं केलं तर तो सिद्धांत ठरतो. परतूर तालुक्यातल्या लेकरानं केलं की आपण 'नाही' लिहितो. हे बदललं पाहिजे.

गोष्टीचे घटक हा शब्द आता प्रत्येक प्रशिक्षणात कानावर पडतो, म्हणून तो आला कुठून तेही थोडक्यात सांगतो. 1977 साली मँडलर आणि जॉन्सन यांनी, आणि 1979 साली स्टाइन आणि ग्लेन यांनी, साध्या गोष्टीचा सांगाडा मांडला. आधी पात्रं आणि ठिकाण. मग काहीतरी बिघडतं. पात्राच्या मनात काहीतरी येतं. ते धडपड करतं. तिचं फळ निघतं, आणि त्या फळाचं पुन्हा मनावर काहीतरी होतं. लेकरं परत सांगताना यातलं मनात आलेलं बहुतेक गाळतात. काय घडलं ते ठेवतात. याचा अर्थ मन त्यांना कळत नाही असा घ्यायचा नाही. ते बोलून दाखवायचे शब्द उशिरा येतात, इतकंच. म्हणून अंगणवाडीताईंनी सांगताना ते शब्द सढळ हातानं पेरावेत. घाबरला, रुसली, त्याला वाटलं, तिला माहीत नव्हतं. आपण वापरले तरच ते त्यांच्या तोंडी येणार.

'माहीत नव्हतं' यावर मला जरा थांबायचं आहे. भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आपण सगळे सांगतो. म्हातारी लेकीकडं जाऊन धष्टपुष्ट होते आणि भोपळ्यात बसून परत निघते. वाटेत वाघ. ती गोष्ट संपल्यावर आपण विचारतो, म्हातारी कशात बसली होती? याचं उत्तर कुणीही देईल, अर्धी गोष्ट झोपेत ऐकलेलं पोरही देईल. त्याऐवजी विचारून बघा: भोपळ्यात म्हातारी आहे हे वाघाला माहीत होतं का? तीन वर्षांचं पोर बरेचदा म्हणेल, हो. त्याला स्वतःला माहीत आहे, मग वाघाला का नसावं! पाच वर्षांचं बहुधा हसून म्हणेल, न्हाई ना, त्याला कुठं दिसती ती! 1983 साली विमर आणि पर्नर या दोन संशोधकांनी हेच प्रयोगातून दाखवलं. पोरगा चॉकलेट एका फडताळात ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसरीकडे हलवते. परत आल्यावर तो कुठं शोधेल? चौथ्या वर्षाच्या आगेमागे लेकराला समजू लागतं की दुसऱ्याच्या डोक्यात आपल्याहून वेगळं काही असू शकतं. ते समजलं की म्हातारीची युक्ती समजते. तोवर ती नुसती टुणटुण उड्या मारणाऱ्या भोपळ्याची गंमत असते. तीही हवीच, पण दोन्हींत अंतर आहे. त्या एका प्रश्नानं ते अंतर दिसतं, आणि त्यासाठी छापील तक्ता लागत नाही.

आता भाषेकडे येतो, कारण मराठीत गोष्ट कळल्याच्या खुणा अगदी कानाला ऐकू येतात. लेकरू गोष्ट सांगताना दोन प्रसंगांमध्ये कोणता शब्द टाकतं ते ऐका. 'आनि मंग, आनि मंग' करत जात असेल तर त्याला क्रम कळला. 'म्हणून' आला, 'कामून की' आला, तर कारण कळलं. 'पन' आला तर अडचण कळली. त्या ओट्यावरच्या मुलाचा 'कामून की' माझ्या चारही रकान्यांहून जड होता. दुसरी खूण आरंभाची. एरवी आपण म्हणतो, गावात एक म्हातारी होती. गोष्टीत म्हणतो, एक होती म्हातारी. क्रियापद पुढं आलं की गोष्टीचं दार उघडलं. हे कुणी शिकवत नाही. ज्या लेकराच्या तोंडी 'एक होता कावळा' आलं, त्याला नेहमीचं बोलणं वेगळं आणि गोष्ट वेगळी, हे उमगलेलं आहे. तिसरी खूण 'म्हणे'. राजाला दोन राण्या होत्या म्हणे. मी पाहिलं नाही, ऐकलंय, हे सांगणारा एवढासा शब्द. चार वर्षांच्या पोरीनं तो जागच्या जागी वापरला तर वहीत लिहून ठेवा.

पण 'मराठीत' म्हणताना मला आपल्या परतूर-मंठ्याकडचे बंजारा तांडे दिसतात. तिथलं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. गावातल्या कितीतरी घरांत उर्दू बोलतात. ही मुलं पुस्तकी मराठीतल्या प्रश्नासमोर गप्प बसली तर ती गोष्टीपुढं गप्प झाली की भाषेपुढं? हे वेगळं काढल्याशिवाय केलेली नोंद खोटी आहे. लेकराला गोरमाटीत सांगू द्या. ताईंना कळत नसेल तर मदतनीस असेल, थोरली बहीण असेल, सोडायला आलेली आजी असेल, तिला शेजारी बसवा.

आणि सांगणं वेगळं झालं म्हणून घाबरू नका. आपल्या मराठी गद्याचा उगमच परत सांगण्यात आहे. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून गोळा केल्या, तेराव्या शतकात. एकच लीळा दोघांना वेगळी आठवली तर महानुभाव परंपरेनं वेगळी आठवणही 'वासना' म्हणून शेजारी नोंदवून ठेवली. एकीवर बरोबरची खूण आणि दुसरीवर फुली मारली नाही. लेकराच्या कोपीला आपल्या वहीत तेवढी जागा मिळावी.

आता व्यवस्थेबद्दल दोन शब्द. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला, नंतर 1957 पासून कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीनं काम केलं, ते मुळात लेकरू शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनं त्याच्या अंगणात जावं म्हणून. अंगणवाडी हे नाव त्या कामातलं आहे. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ते नाव देशभर गेलं. 2022 च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यानं तीन ते सहा वयाला लेखी-तोंडी परीक्षा लावू नका, निरीक्षण करा, मुलानं केलेलं जपून ठेवा, हेच सांगितलं आहे. कागदावर सगळं ठीक आहे. पण निरीक्षण हा शब्द वरून खाली येईतो त्याचा पुन्हा तक्ता होतो. ताईंच्या हाती वजन-उंची आहे, आहार आहे, लसीकरणाचा दिवस आहे, मोबाईलवर भरायची माहिती आहे, शिवाय अधूनमधून निघणारी सर्वेक्षणं. त्यात गोष्टीच्या घटकांचा आणखी एक तक्ता आला की तो बसल्या जागी भरला जातो. मी ताईंना दोष देत नाही. मागणाऱ्यांनी तक्ता मागणं सोडावं आणि लेकराचं एक वाक्य मागावं.

कसं करायचं, तर मला जमलेली रीत सांगतो. एकच गोष्ट आठवडाभर सांगा, रोज नवी नको. लेकरांना तीच ती गोष्ट हवी असते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ती तिच्यात शिरतात. मग गोष्ट आपल्याला सांगायला लावू नका. आपल्याला ती येते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. ज्याला येते त्याला काय सांगायचं? त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलाला सांगायला लावा, मदतनीसताईंना सांगायला लावा. हाताशी चार खडे, एखादं वांगं, काडेपेटी असू द्या. खडा कावळा होतो आणि जीभ सुटते. आपण थोडं लांब बसा आणि तोंडून निघेल ते जसंच्या तसं लिहा, 'पानी' असेल तर 'पानी'. रोज एकच मूल. महिन्याभरात बहुतेक अंगणवाडी फिरून होते. आणि गोष्टीनंतर 'यातून काय बोध घेतला' हे विचारणं आजपासून बंद करा. त्या प्रश्नाला पोरं खोटं बोलायला शिकतात.

लिहित्या मंडळींना माझं मागणं वेगळं आहे. माधुरी पुरंदरे यांनी लहान वयाच्या मुलांसाठी जे लिहिलं-चितारलं, त्यातली मुलं खऱ्या घरांतली आहेत, खरी रुसतात. तशी पुस्तकं आपल्या बाजूची कुठं आहेत? कापसाच्या गंजीवर झोपणारं पोर, टेंपोत भांडीकुंडी भरून निघालेलं घर, पहाटेच्या रेल्वेची शिट्टी, तांड्यावरची आजी, यांची चित्रगोष्ट इथं बसलेल्यांनी लिहायची नाही तर कुणी लिहायची? अट एकच, गोष्टीत गाठ असू द्या. काही बिघडलंच नाही तर लेकरानं परत सांगायचं तरी काय?

ताईंनो, दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे परततात. परतलेल्या लेकरांना आपण पहिल्या दिवशी वजनकाट्यावर उभं करतोच. त्याच दिवशी प्रत्येकाला एक गोष्ट सांगा आणि प्रत्येकाकडून एक ऐकून घ्या. वहीत वर तारीख घाला आणि खाली त्याचे शब्द लिहा. पुढच्या संमेलनाला त्या वह्या घेऊन या. अध्यक्ष कुणीही असो, पहिला तास त्या वह्या वाचण्यासाठी ठेवावा, अशी माझी आयोजकांना हात जोडून विनंती आहे.